मधलं नाव

जिंतूरच्या बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीला लागून
मी एकवीस दिवस एक टेबल मांडलं होतं.
टेबलावर यंत्र, यंत्राला माइक,
माइकला फडकं, धुळीसाठी.
एम.टेक.चं दुसरं वर्ष. विषय: मानवकेंद्री कृत्रिम बुद्धिमत्ता.
"मानूस मधी?" कँटीनवाल्यानं विचारलं,
"मंग आतापस्तोर मधी कोन होतं?"

खिडकीत दुधाटे कंट्रोलर.
येणारा प्रश्न दोघांनी ऐकायचा, त्यांनी आणि यंत्रानं;
दोघांची उत्तरं मी शेजारी शेजारी लिहायची.

मंठा गेली का?
येलदरी कव्हा हाय?
सेलूवाली हीच, का ती मागची?
यंत्र शिकत गेलं.
'गेली' म्हणजे बस, बाई नव्हे,
हे त्याला चौथ्या दिवशी कळलं.

बाराव्या दिवशी एक म्हातारी आली.
"टाकळीची कव्हा हाय?"
यंत्र नम्रपणे म्हणालं (नम्रपणा मीच घातलेला),
"टाकळी नावाची सात गावं आहेत. कृपया पूर्ण नाव सांगा."
तिनं पदर सारखा केला.
माइककडं बघितलं, मग माझ्याकडं.
"पूर्ण कसं सांगू बाई. आमच्या ह्यांचंच नाव हाय गावाला."
"समजलं नाही. कृपया पूर्ण नाव सांगा."
"महादेवाच्या गळ्यात काय आसतंय?
त्याची टाकळी."
यंत्र थांबलं. मग एकदम आनंदानं
(तो आनंदही माझाच),
"औंढ्याची गाडी बारा दहाला, फलाट दोन."

दुधाट्यांनी बशी खाली ठेवली.
"साडेअकरा, माय. पाच नंबर.
आन् पानी पिऊन घ्या, वाटंत भेटायचं न्हाई."
नाव त्यांनीही घेतलं नाही.

संभाजीनगरला, विभागाच्या एसीत,
सरांनी तक्त्यावर बोट ठेवलं.
त्र्याण्णव टक्के बरोबर येतंय,
ही ओळ काढून टाक, अपवाद आहे.

मला आई आठवली.
तिनं अण्णांचा नंबर 'हे' म्हणून ठेवलाय.
फोनला सांगते, ह्यांना लाव,
आणि फोन लावतो हेमामावशीला, जालन्याला.
मावशी म्हणते, थांब, मीच सांगते त्यांना.
सहा वर्षं असंच चाललंय.
कुणी तक्रार केली नाही,
म्हणून कुठल्याच तक्त्यात नाही.

ओळ मी काढली नाही.
उपाय लिहिला, सोपाच होता:
सातही टाकळ्यांची नावं यंत्रानं घ्यावीत,
बाईनं नुसतं 'हूं' म्हणावं.
नाव घ्यायचं ओझं
ज्याला नवराच नाही त्याच्यावर टाकावं.
शेवटचं वाक्य सरांनी खोडलं.
बाकीचं राहिलं.

एक गोष्ट प्रबंधात नाही.
त्या दिवशी गाडीला वेळ होता, संमतीपत्र भरायचं होतं.
पहिलं नाव तिनं ठणकावून सांगितलं: केवळाबाई.
आडनावही सांगितलं.
मधल्या रकान्यापाशी माझा पेन थांबला
आणि ती पेनाच्या टोकाकडं बघत राहिली.
मग चंची सोडली,
सुपारीच्या खांडांखालून आधार कार्ड काढलं,
प्लॅस्टिकमधलं, कात लागलेलं.
"ह्याच्यात हाय. बघून घे.
मोठ्यानं वाचू नको फकस्त."

मी लिहून घेतलं.
तिनं अंगठा उठवला, शाई खांबाला पुसली.

पाच नंबरला गाडी लागली.
पाटीवर तेच नाव, हातभर अक्षरांत,
सगळ्या स्टँडासमोर.
ती त्या पाटीखालून चढली,
वर न बघता.